हजार वॉटचं खोकं

पॉवर सप्लाय निवडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कोणी नाही, हे माझे वैरीसुद्धा कबूल करतील. गिऱ्हाईक ग्राफिक्स कार्डावर जीव टाकतं, रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर भाळतं, आणि पॉवर सप्लायची वेळ आली की म्हणतं, "शेठ, ते काहीतरी स्वस्तातलं टाका." अशा वेळी मी तासभर त्याचं डोकं खातो. सगळ्या मशीनला जेवू घालणारा तोच, हे पटवून देतो. म्हणूनच पुढे जे सांगणार आहे ते सांगताना मला माझीच जास्त लाज वाटते.

चिनी पंचांगातल्या सातव्या, भुतांच्या महिन्याची पौर्णिमा होती. भर दुपारी गल्लीतल्या सगळ्यांनी दुकानांपुढे टेबलं मांडली होती. बिस्किटं, नूडल्सची पाकिटं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, आणि प्रत्येक वस्तूत खोचलेली एकेक उदबत्ती. तेलाच्या पिंपात कागदी नोटा जळत होत्या. भटक्या भुतांना जेवू घालायच्या दिवशी नवं मशीन कोण घेतो? मी स्टुलावर बसून पेंगत होतो.

एक पन्नाशीची बाई आत आली. तिनं पिशवीतून काळं खोकं काढून काउंटरवर ठेवलं.

"शेठ, हा चालत नाही."

मी सवयीनं दोन्ही हातांनी उचलायला गेलो, तर हात वरच गेले. खोक्याला वजनच नव्हतं. बांबूच्या कामट्यांवर काळा कागद चिकटवलेला, पंख्याच्या जागी चांदीचा वर्ख, बाजूला लाल पट्टीवर लिहिलेलं: हजार वॉट. आणि पट्टीखाली माझ्या दुकानाचा गोल शिक्का, हातानं रंगवलेला, हुबेहूब.

"माझ्या मुलाचा आहे," ती म्हणाली. "तो गेल्यावर शंभराव्या दिवशी कागदाचा अख्खा कॉम्प्युटर जाळून त्याला पाठवला. कागदकामवाल्या ओंग म्हाताऱ्यानं केला होता, दोन ग्राफिक्स कार्डांसकट. हा तुम्हाला दाखवायला तसाच दुसरा करून घेतला."

"चालत नाही म्हणजे काय, ताई?"

"मुलगा स्वप्नात येतो. भिजलेला असतो. म्हणतो, आई, खेळ रंगात आला की बंद पडतं. दोन कार्डांना पॉवर पुरत नाही. शेठना विचार."

मला रागच आला. "मग ओंगकडे जा ना."

"गेले होते. तो म्हणाला, मी मूळ खोकं समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवलंय. खोट असली तर मूळ खोक्यात असेल."

शेजारच्या दुकानातला आ-पिन टेबलावरची बिस्किटं नीट लावत होता. तिथूनच ओरडला, "फांग, पाताळात व्होल्टेज किती असतं रे?"

"तू जा की बघायला," मी म्हणालो.

"मुलाचं नाव काय?" मी विचारलं. शिक्का पाहिला आणि दोन कार्डं ऐकली तेव्हाच खरं तर मला ते आठवलं होतं.

"इ-काई. सान्चोंगचे आम्ही."

मशीन नेल्यावर इ-काई तक्रार घेऊन तीनदा आला होता. उंच, चष्मेवाला, बोलायला लाजरा. नदीपलीकडून स्कूटरवर यायचा, मशीन पायांमध्ये ठेवून. पहिल्यांदा मी केबल बदलली. दुसऱ्यांदा धूळ झटकली. तिसऱ्यांदा जाणत्याचा आव आणून सांगितलं, "मशीन ठणठणीत आहे. तुमच्या घरचं वायरिंग जुनं झालंय." तो "बरं शेठ" म्हणून गेला.

मशीन ठणठणीत नव्हतं. मी चाळीस खोक्यांचा एक लॉट घेतला होता. बाहेर पट्टी हजारची, आत माल जेमतेम सहाशेचा, आणि हातात जड लागावं म्हणून तळाशी लोखंडाची पट्टी. त्याची दोन कार्डंच ऐन भरात पाचशे वॉट ओढायची. प्रोसेसर, पंखे, बाकीचं वेगळंच. हा हिशेब मी झोपेतसुद्धा करतो. ते खोकं मी माझ्या मशीनला कधी लावलं नसतं. त्याच्या मशीनला लावलं.

"वायरिंगही बदललं हो," ती सांगत होती. "भिंती फोडल्या. खेळापायी घर उकरलं म्हणून त्याचे वडील त्याच्याशी बोलेनासे झाले. शेवटपर्यंत बोलले नाहीत."

मी कॅल्क्युलेटर ओढला. कशासाठी, कोण जाणे. "दोन कार्डं, प्रोसेसर, वर थोडी सवड... ताई, हजार पुरतात. पण नव्यावर बाराशे लिहायला सांगा, म्हणजे प्रश्नच मिटला."

तिनं पिशवीतून कौलाचे दोन लाकडी तुकडे काढले. चंद्रकोरीचे, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. एक सपाट, एक फुगीर पडला की होकार. बाहेरच्या उदबत्तीच्या धुरावर तिनं ते फिरवले, ओठातल्या ओठात मुलाला विचारलं आणि फरशीवर टाकले.

दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे होकार नाही, नुसतं हसणं.

"हसतोय," ती म्हणाली.

"दीड हजार लिहा."

पुन्हा दोन्ही सपाट.

"दोन हजार."

पुन्हा हसला. तीन वेळा ओळीनं असं पडलेलं मी देवळातसुद्धा पाहिलं नव्हतं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण तो असा समोर फरशीवर येऊन पडतो हे ठाऊक नव्हतं.

तिनं तुकडे उचलले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"शेठ, एक विचारू? त्या दिवशी धो धो पाऊस होता. मशीन पायात घेऊन तो स्कूटरवर निघाला आणि पुलाच्या उतारावर घसरला. असल्या पावसात कुठं निघाला होता, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला माहितीये?"

माहीत नाही म्हणालो असतो तर ती निघून गेली असती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागचं माझं तपासणीचं मशीन बंद पडलं. सहा वर्षं ते कधी बंद पडलेलं नाही. त्याला सगळ्यात चांगला हजार वॉटचा सप्लाय मी निवडून लावलाय, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून सगळेच ठेवतात तशी डोक्यावर ताज्या तारखेची कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलीय. दुकानातले दिवे चालू होते. फक्त त्याचे पंखे हळूहळू थांबले.

"माझ्याकडेच येत होता," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. सहाशे वॉट, लोखंडाची पट्टी, तिन्ही खेपा, आणि वायरिंगची थाप.

ती ओरडली नाही. तिनं एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे वायरिंग चांगलं होतं?"

"चांगलं होतं, ताई."

"त्याच्या वडिलांना सांगायला हवं," ती म्हणाली.

मी वरच्या फळीवरचा अस्सल हजार वॉटचा सप्लाय काढला. झाकण उघडून आतला माल तिला दाखवला. ओंग म्हाताऱ्यासाठी चित्र काढलं. आत काय काय भरायचं, दोन कार्डांना चार स्वतंत्र केबल, एकातून दुसरी फोडायची नाही. खाली लिहिलं, 'बाहेर लिहिलंय तेच आत आहे,' आणि सही करून शिक्का मारला. तिनं कौल लावला. एक सपाट, एक फुगीर. तिन्ही वेळा.

महिना संपायच्या आत नवं खोकं आणि माझा कागद गल्लीतल्या पिंपात जाळला. कागद जळताना माझी सही सगळ्यात शेवटी काळी पडली.

ती पुन्हा आली ते थंडीत. स्टुलावर बसली. इ-काई बसायचा तेच स्टूल.

"चालतंय बहुतेक. आता स्वप्नात येत नाही."

"बरं झालं, ताई."

"बरं कसलं? मशीन नीट चालायला लागलं की मुलं खोलीबाहेर तरी येतात का?" ती हसली, पण लगेच तिचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाली, "शेठ, त्या लॉटमधला एखादा शिल्लक आहे का? आतून सहाशेवाला. ओंगला दाखवून तसा करून घेते. तक्रार करायला तरी येईल."

शिल्लक होते. एकतीस. मागच्या खोलीत पडले होते, मला ना विकवत होते ना टाकवत.

"नाही ताई," मी म्हणालो. "त्याला एकदा फसवलंय. पुन्हा नाही."

तिनं मान हलवली. उठेल असं वाटलं, पण ती बसूनच राहिली. मागचं मशीन एका लयीत घुमत होतं, ते ऐकत होती. "त्याच्या खोलीतून असाच आवाज यायचा," म्हणाली. मी चहा मागवला. चहा आला, तिनं पहिला घोट घेतला आणि मशीन बंद पडलं.

दिवे चालूच होते. ती वळली नाही. फक्त कप खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आलास?"

आता दर बुधवारी ती येते. ती स्टुलावर बसली की थोड्या वेळानं मशीन बंद पडतं, आणि ती गेली की बटण दाबल्यावर निमूट चालू होतं. एरवी आठवडाभर त्याची काही तक्रार नसते. मी ते तीनदा उघडून पाहिलं. केबल, जोडण्या, सप्लाय, सगळं ठणठणीत आहे, आणि या वेळी मी खरं सांगतोय. चौथ्यांदा उघडलेलं नाही. बुधवारी दुपारी मी त्यावर कुठलंच काम लावत नाही.