अमृताचं आमेन

प्रार्थनेच्या ग्रुपवर आमेन टाकायला अमृताला निरोप वाचावा लागत नसे. बेंगळुरूतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा तो ग्रुप दिवसभर वाजायचा. कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण. बाई मीटिंगमध्ये असोत नाहीतर जेवायला बसलेल्या, अंगठा आपला आमेन टाकून मोकळा. श्रद्धेचं खातं तेवढ्यावर चालू होतं म्हणायचं.

मंगळवारी सकाळी ती ऑफिसच्या कामासाठी विमानतळाकडे निघाली होती. टॅक्सी देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागली आणि सुनंदामावशींचा फोन आला. यशवंतपूरला एकट्या राहणाऱ्या या मावशींच्या घरीच रविवारची मराठी उपासना भरायची; या रविवारी अमृता गेली नव्हती.

"कुठवर आलीस गं? आत न्यायला आलेत मला. मी म्हटलं, स्वल्प थांबा, आमची पोरगी येऊन प्रार्थना करणार आहे."

अमृताला काही उमगेना. फोन स्पीकरवर टाकून तिने ग्रुप उघडला. मावशींचा शुक्रवारचा निरोप सापडला. मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, आत नेण्याआधी अमृताने येऊन प्रार्थना करावी. खाली तिचं आमेन. त्याखाली बाकीच्यांचं, अमृता जातेय ना, मग काळजी नाही. दुसरं कुणी जातो म्हणालंच नव्हतं.

"मावशी, मी विमानतळाच्या रस्त्यावर आहे."

"बरं. मग फोनवरच कर. सिस्टर खोळंबल्यात."

अमृताने डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या," म्हणाली आणि अडकली. मीटिंगमध्ये तासभर बोलणारी बाई. मागायचं काय? मावशींचा जीव? आधी माफी? तिला लाज वाटली, मग मावशींचाच राग आला, आणि त्या रागाची आणखी लाज वाटली.

"सरी, बरं, राहू दे," म्हणत मावशींनीच सुरुवात केली. "प्रभू, ही पोर गाडीत एकटी आहे, घाबरलीय. हिला सांभाळ." स्वतःच्या हृदयाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग सिस्टरने फोन बंद केला.

अमृताने गाडी वळवायला सांगितली.

"मॅडम, फ्लाइट?" ड्रायव्हरने विचारलं.

तिने निरोपातला हॉस्पिटलचा पत्ता त्याला वाचून दाखवला. ती पोचेपर्यंत मावशी आत गेलेल्या असणार. तिथे जाऊन आपण काय करणार, हेही तिला कळत नव्हतं. पण मावशी डोळे उघडतील तेव्हा समोर कुणीतरी हवं होतं, आणि तिच्यामुळे तिथे कुणीच नव्हतं.