एल्झेआरची सही

सरकारने शाळा नन्सच्या हातून काढून स्वतःकडे घेतल्या, क्वेबेक प्रांतभर नव्या इमारती उठल्या, आणि लग्न झालेल्या बाईला नवऱ्याला न विचारता सही करायचा हक्कही गेल्या वर्षी, १९६४ साली, मिळाला. बदलला नाही तो एकटा लाव्हर्दिएर. शाळामंडळाचा हा चिटणीस शिक्षिका म्हणून ब्लांदीनच्या नेमणुकीच्या कागदाकडे नाक मुरडून बघत होता. तिचा नवरा एल्झेआर मागे दाराशी थांबला होता.

"मादाम, ही सही चालणार नाही."

"का? माझंच नाव आहे."

"नाव तुमचं, अक्षर नवऱ्याचं!" त्याने जाडजूड फाईल आपटली. "सतरा वर्षांची पत्रं आहेत एल्झेआरची. शाळेच्या जळणाबद्दल, रस्त्यावरच्या बर्फाबद्दल. हे वळण मी झोपेतही ओळखीन. आता कायद्याने बाईने स्वतः सही करायची असते."

ब्लांदीनच्या डोक्यात तिडीक गेली. काल नवऱ्याची सही नाही म्हणून हाकलायचे, आज ती आहे म्हणून! लग्न केले म्हणून सतरा वर्षांपूर्वी याच कचेरीने तिला शाळेतून घरी बसवले होते. सोमवारी शाळा उघडणार, आणि कागद आज गेला नाही तर जागा दुसरीला.

"माझ्यासमोर करा सही," लाव्हर्दिएर म्हणाला. "मिटला प्रश्न."

तिने पेन उचलले आणि परत खाली ठेवले. पत्रे सगळी तिनेच लिहिली होती. एल्झेआरला अक्षरओळख नव्हती. गावच्या चर्चच्या पंचांत बसणारा हा माणूस रविवारी प्रार्थनेचे पुस्तक उघडून बसे आणि तिने कोपर मारले की पान उलटवी. इथे एक सही केली की संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार होती. लाव्हर्दिएरच्या पोटात काही राहत नसे.

"काय झालं?" तो खवचटपणे हसला. "हात दुखतो?"

दाराशी टोपी चुरगाळत उभा असलेला एल्झेआर पुढे आला. "दे इकडे," तो म्हणाला.

"अरे, तू कशाला..." तिचा आवाज चिरकला.

त्याने कोरा कागद ओढला, पेन कुदळीसारखे धरले आणि जोर लावून एक वेडीवाकडी फुली काढली. "ही माझी सही. बाकी सगळं हिचं. कळलं?"

लाव्हर्दिएरचा चेहरा पडला. पण सवय जाते कुठे? "फुलीखाली... साक्षीदाराची सही लागते," तो पुटपुटला.

ब्लांदीनने पेन हिसकावले आणि फुलीखाली आपले पूर्ण नाव लिहिले. फाईलमधले तेच वळण. लाव्हर्दिएरने एकदा फाईल पाहिली, एकदा कागद पाहिला आणि मुकाट्याने नेमणुकीवर शिक्का मारला.

ट्रकमध्ये बसल्यावर एल्झेआरने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"सोमवारपासून शाळा ना तुझी?"

"हो."

"संध्याकाळी... घरी पण घेशील? एकच विद्यार्थी आहे."

"सतरा वर्षं, एल्झेआर!" ती कडाडली. "सतरा वर्षं मी हेच म्हणतेय, आणि तू दर वेळी दार आपटून गोठ्यात जातोस! गाढवा!"

आणि डोळे पुसत, चडफडत, ती पर्समध्ये पेन्सिल शोधू लागली.