वाढदिवसाचा गोल

आईच्या पंचाहत्तरीला पंधरा खुर्च्यांचा गोल मांडला होता. ड्रेंथ प्रांतातल्या त्या डच गावात वाढदिवस म्हणजे हेच. गोल करून बसा, कॉफी प्या, केकचा एकच तुकडा खा, आणि दुसरी कॉफी होईपर्यंत कुणी उठायचं नाही. उठलात की नाकं मुरडलीच म्हणून समजा.

लेकीला, रेन्स्केला, खिडकी आणि कपाटाच्या मधल्या कोपऱ्यात बसवलं होतं. आठ दिवसांपूर्वी सायकलवरून पडून तिचा घोटा मोडला, तेव्हापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बाहेर पडायचं तर चौघांना उठवावं लागणार. पोटरी सकाळपासून ठणकत होती, आणि आता श्वासही पुरेना.

"आयतं बसून खायचे दिवस आले की गं!" हार्मकाका खिदळले.

"पोटरी फार दुखतेय, काका. प्लास्टर घट्ट झालंय बहुतेक."

"आमच्या बहिणीचं, ट्रीनचंही असंच," यान्नामावशी म्हणाली. "बाळंतपणानंतर पाय सुजला, दम लागला आणि संपलीच बिचारी. एकतिसाव्या वर्षी. बाबाही तसेच गेले."

रेन्स्के चमकून मावशीकडे वळली. "आजोबा तर हृदयविकाराने गेले ना?"

"केक खा गं," आई म्हणाली. "वाढदिवसाला कसले हे विषय!"

"आई, तुला झाली होती का पायात रक्ताची गुठळी?"

आईने बशी मांडीवर ठेवली. "दोनदा. एकदा तुझ्या वेळी. गोळ्या अजून चालू आहेत."

रेन्स्केचं डोकंच सणकलं. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास? डॉक्टरने स्वच्छ विचारलं होतं, आणि ती स्वतःच ठामपणे नाही म्हणाली होती. आपण पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतो, तेही सांगायचं राहिलं. म्हणूनच रक्त पातळ करायची इंजेक्शनं कुणी दिली नाहीत, आणि आता पायातली गुठळी फुफ्फुसापर्यंत चढली असणार.

"चाळीस वर्षं तोंड शिवून बसलीस?"

"म्हटलं, कुणाच्या जिवाला घोर कशाला."

"अगं, मरेन ना मी!" ती उठायला गेली आणि धपकन खाली बसली. बाकीची माणसं कपात बघत राहिली.

"दुसरी कॉफी तर येऊ दे," हार्मकाका पुटपुटले.

आई ताडकन उठली. मधलं टेबल ढकललं, कप फुटले, पण तिने वळून पाहिलं नाही. फोन उचलला. "मुलीला दम लागलाय. पाय प्लास्टरमध्ये आहे. माझे वडील रक्ताच्या गुठळीनेच गेले, बहीण गेली, मला दोनदा झाली. मी तिला सांगितलं नाही हो. लवकर या."

मग ती काचांतून वाट काढत लेकीपाशी आली आणि तिचा हात धरून बसली.

"बोल गं, शिव्या दे, काहीतरी बोल!"

रेन्स्केने तोंड उघडलं, पण श्वासच आला नाही.