बाबूलालच्या घरची लाखोळी

भैय्यालालने चपला हातात घेतल्या आणि रेस्ट हाऊसच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला. बैठकीत काही अडलं तर विचारता यावं म्हणून ठोसर साहेबांनी त्याला बोलावलं होतं, आणि तसंच बजावलं होतं: पुढच्या अंगाने यायचं नाही, खोकायचं नाही, बोलावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. चुलीवर चहाचं आधण उकळत होतं. पुढच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. दाराच्या फटीतून त्याला टेबलावर ठेवलेल्या चार टोप्या दिसल्या: इकडच्या जंगलखात्याची, पलीकडच्या जंगलखात्याची, पोलिसाची आणि रेल्वे पोलिसाची.

अशा चार टोप्या एका टेबलावर त्या मुलखात कुणी पाहिल्या नव्हत्या. बपेऱ्याच्या जंगलात वाघ मारावा, कातडं बावनथडी नदीतून पलीकडे न्यावं, की झालं. इकडचा गार्ड घोटाभर पाण्यात उभा राहून शिव्या देणार, आणि पलीकडचा म्हणणार, हा मध्य प्रदेश आहे, आम्हाला वरून काही आलेलं नाही. पोलीस म्हणत, जनावराचं प्रकरण जंगलखात्याचं. रेल्वेवाले म्हणत, माल गाडीत चढेपर्यंत आमचा काय संबंध. शिकारबंदीचा नवा कायदा येऊन पाच वर्षं होत आली होती, पण कायद्याला नदी पोहता येत नव्हती. रेंजर ठोसर पुण्याकडचे, तरुण आणि हट्टी. या साऱ्यांच्या हातापाया पडून त्यांनी ही बैठक जमवली होती. खरं सांगायचं तर माणूस चांगला होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

भैय्यालालला काही वाघाचा पुळका आलेला नव्हता. त्याची म्हैस मेली होती. मोहफुलांचा व्यापारी नंदलाल सेठ याच्या माणसांनी, वाघ परत खायला येईल म्हणून, त्याने मारलेल्या गोऱ्ह्यावर फवारणीचं औषध ओतलं आणि डबा नाल्यात विसळला. त्याच पाण्याला तोंड लावून गाभण म्हैस तोंडाला फेस येऊन पडली. चंद्रकांता, त्याची बायको, म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसली ती उठेना. भैय्यालाल तसाच तडक रेंज ऑफिसात गेला आणि सगळं ओकून आला. विष कोण घालतं, कातडी कुठे वाळतात, नंदलालच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, मोहफुलांच्या पोत्यांखाली ती कशी नदीपार जातात, सगळं.

राग उतरला तेव्हा भीती आली. पलीकडच्या गावच्या कवडू ढीवराने मागच्या साली असंच कुठेतरी तोंड उघडलं होतं. आठवड्याच्या आत तो बावनथडीच्या डोहात सापडला. पोहता पोहता बुडाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. जन्मभर त्याच डोहात जाळं टाकलेला माणूस! भैय्यालाल परत ठोसर साहेबांकडे गेला आणि नाव कुठे निघू देऊ नका म्हणून गयावया करू लागला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझं नाव माझ्या चपराशालाही कळणार नाही, तुला दुसरंच नाव देतो. भैय्यालालने ही गोष्ट चंद्रकांतालासुद्धा सांगितली नव्हती.

आता पुढच्या खोलीत ठोसर साहेब नकाशावर बोट ठेवून सांगत होते. बुधवारी सकाळी बंडी निघेल. इकडच्या काठावर आम्ही, पलीकडे तुम्ही, रस्त्यावर पोलीस, आणि काही निसटलंच तर स्टेशनवर रेल्वेवाले. कुणीतरी विचारलं, खबर देणारा माणूस भरवशाचा आहे का?

"पक्का आहे," ठोसर साहेब म्हणाले. "नाव विचारू नका. आम्ही त्याला लाखोळी म्हणतो."

खोलीत हसू उमटलं. स्वयंपाकघरात भैय्यालालच्या हातातला चहाचा गिलास तसाच राहिला.

लाखोळी म्हणजे झाडीपट्टीतलं गरिबाचं कडधान्य. धान उभा असतानाच बांधीतल्या चिखलावर फेकून द्यायचं. ते आपोआप येतं. साऱ्या बपेऱ्यात ते घरोघरी होतं, फक्त बाबूलालच्या घरी नव्हतं. बाबूलाल भैय्यालालचा बाप. एका वाईट साली मालकाने मजुरीत लाखोळीच दिली, घरात दुसरं काही नव्हतं, आणि रोज तीच खाऊन खाऊन बाबूलालचे पाय गेले. तेव्हापासून तो खाटेवर होता. पुढे घरची दोन बांध्या जमीन झाली, पण त्यात लाखोळीचा दाणा पडू द्यायचा नाही अशी त्याची शपथ होती. गावाने त्याची म्हणच करून टाकली. न होणारी गोष्ट कुणी मागितली की बायाबापड्या म्हणत, "जा, बाबूलालच्या घरून लाखोळी घेऊन ये."

ही हकिगत साहेबांना भैय्यालालनेच सांगितली होती. तुझ्याच बांधीत ते पीक का नाही, असं त्यांनी सहज विचारलं होतं. साहेबांना वाटलं असणार, ज्याच्या घरी लाखोळी नाही त्याला लाखोळी म्हटलं तर कुणाच्या बापाला कळतं! पुण्याला नसतं कळलं. बपेऱ्यात लाखोळी म्हटलं की पहिल्यांदा बाबूलालचंच घर आठवतं.

बैठक उठल्यावर साहेब आत आले. चेहरा खुलला होता. नाव कसं काय वाटलं, म्हणून त्यांनी विचारलं. भैय्यालालच्या ओठावर आलं होतं, साहेब, हे नाव नका ठेवू. पण चारचौघांसमोर उच्चारलेला शब्द परत कसा घेणार, आणि साहेबाची चूक साहेबाला कोण दाखवणार?

"बेस हाये, साहेब," तो म्हणाला.

बुधवारी सगळं ठरल्याबरहुकूम झालं. बंडी नदीच्या मधोमध आली आणि दोन्ही काठांवरून माणसं धावली. आयुष्यात पहिल्यांदा दोन राज्यांचे गार्ड एकाच बंडीच्या दोन चाकांना धरून उभे होते. पोती एकेक करून रेतीवर पालथी केली. मोहफुलं निघाली. नुसती मोहफुलं. बंडीवाला बाजूला बसून बिडी ओढत होता. त्यांचं झाल्यावर तो उठला, बंडीतून खराटा आणि दोन टोपली काढली, आणि सांडलेली फुलं शांतपणे भरू लागला. खराटा तो घरूनच घेऊन आला होता.

ठोसर साहेबांनी निरोप धाडला, नशीब खोटं, पण चारही खाती एकत्र उभी राहिली हे काय कमी आहे. ते खरंही होतं. भैय्यालालच्या डोळ्यांपुढून मात्र खराटा हलेना.

दोन आठवडी बाजार गेले. एका दुपारी नंदलाल सेठ स्वतः अंगणात येऊन उभा राहिला. पांढरं धोतर, हातात छत्री, बरोबर कुणी नाही. चंद्रकांताने लगबगीने डोईवर पदर घेतला आणि लोटा भरून आणला. सेठ खाटेच्या कडेला टेकला, बाबूलालच्या वाळक्या पायावरून हात फिरवला, नागपूरच्या कुठल्याशा वैद्याचं नाव सांगितलं. मग म्हशीची चौकशी केली. मेली म्हणताच हळहळला. भैय्यालाल खांबाला धरून उभा होता.

"सूनबाई," पाणी पिऊन झाल्यावर सेठ म्हणाला, "यंदा तुमच्या घरी लाखोळी झाली म्हनते."

चंद्रकांताला हसू आलं. "आमच्या घरी, सेठजी? आमी पेरतच नाई. साऱ्या गावाले ठाऊक हाये."

"तेच त मले नवल वाटलं," सेठ म्हणाला. तो चंद्रकांताशी बोलत होता, पण बघत होता भैय्यालालकडे. "एका जागी आयकलो असतो त सोडून देलो असतो. चार जागी आयकलो."

बाबूलाल खाटेवरून खो खो हसला. लोकांना काय, म्हणाला, म्हाताऱ्याची थट्टा करायला काहीही पुरतं. सेठही हसला. मग छत्री काखेत मारून उठला. बंडी नदीवर सोडली आहे, माणसं वाट पाहत असतील, म्हणाला.

झाडीतली रीत आहे, घरी आलेल्या पाहुण्याला दारातून एकटं जाऊ देत नाहीत. बाबूलालने मुलाकडे पाहिलं. हा नुसता खांबाला धरून उभा, हे काही त्याला आवडलं नाही.

"भैय्या, असा काहून उभा हायेस? सेठजीले नदीवरी पोचवून दे."

"हो, चाल ना," सेठ म्हणाला. "तेवढ्याच गोष्टी होतील."

त्याने भैय्यालालच्या खांद्यावर हात ठेवला. ठोसर साहेबांनी ठेवला होता त्याच खांद्यावर. भैय्यालालने चंद्रकांताकडे पाहिलं. ती रिकामा लोटा घासायला वळली होती. चपला दाराशीच होत्या. एक पायात गेली, दुसरी त्याला सापडेना, ती समोरच असूनही.

"जा बाप्पा, पाहुण्याले खोळंबवू नको," बाबूलाल खाटेवरून म्हणाला. "मले पाय असते त मीच गेलो असतो."