बोटीइतकी माणसं

माझे बाबा आयुष्यभर लिफ्ट तपासत आले. लिफ्टमध्ये किती माणसं मावतील हे आत पाटीवर लिहिलेलं असतं, पण बाबांचा पाटीवर विश्वास नसे. खरोखरची माणसं भरून, वर-खाली नेऊन, मध्येच थांबवून बघितल्याशिवाय ते सही करत नसत. निवृत्त झाले तशा सह्या संपल्या. अविश्वास तेवढा शिल्लक राहिला आणि तो आमच्या वाट्याला आला.

बाबांची आणि काकांची मिळून एक मासेमारीची बोट आहे. तरुणपणी दोघांनी ती हौसेनं घेतली आणि नोकरीतून सुटलो की रोज तळ्यावर जायचं असं ठरवलं. तेव्हापासून बोट काकांच्या अंगणात दोन चाकी ट्रेलरवर बसून दोघांच्या निवृत्तीची वाट बघत होती. काकांचा उत्साह मधल्या काळात ओसरला. पाण्यात त्यांना मळमळतं. आंघोळसुद्धा ते जरा बेतानंच करतात. बाबांनी मात्र गळ, दोरा, टोपी, सगळं जपून ठेवलं होतं. तळ्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. लिफ्टबद्दल बोलताना तो कधी बदलला नव्हता.

आणि एके दिवशी काकूचा फोन आला.

"भावोजी, रविवारी संध्याकाळपर्यंत बोट माझ्या अंगणातून हलली तर तुमची. नाही हलली तर माझी."

"तुम्ही बोटीचं काय करणार, वहिनी?"

"ते मी बघते."

बाबांचा चेहरा पडला. काकू 'ते मी बघते' म्हणते तेव्हा ते बघून झालेलं असतं.

आमच्याकडे गाडी नव्हती. बोट ओढेल अशी जुनी गाडी शोधायची, पण बोट हलवल्याशिवाय गाडीची परीक्षा कशी घ्यायची? बाबांनी त्यावर तोडगा काढला. बोटीच्या वजनाइतकी माणसं जमवायची आणि गाडीत भरायची. हिशोब केल्यावर बोट म्हणजे आई, आत्या, आत्याचे मिस्टर आणि शेजारचे निवृत्त पहिलवान असं निघालं. गाडी चालवायला मी.

"माझं वजन तू कुठून काढलंस?" आत्यानं विचारलं.

"अंदाजानं."

"मग अंदाज कमी कर."

"कमी केला तर बोट बुडेल, ताई."

आत्या दोन विक्रेत्यांपर्यंत बाबांशी बोलली नाही. वजन मात्र प्रामाणिकपणे देत राहिली.

पहिली गाडी एका शिक्षकाची होती, छोटीशी, निळी. आम्ही सगळे बसलो तशी ती खाली बसली आणि आम्ही उतरल्यावरही उठली नाही. शिक्षक आमच्याकडे बघत राहिले. दुसरी पावाच्या बेकरीची व्हॅन. ती चढावर छान चढली. पण बाबांनी मध्यावर थांबवायला लावली तेव्हा आत्या, पहिलवान आणि एक जुना पाव असे तिघंही मागच्या दारावर जाऊन आदळले. तिसऱ्या गाडीच्या मालकानं आम्हाला फाटकातून येताना बघितलं आणि गाडी विकली गेल्याचं सांगितलं. ती मागेच उभी होती.

शनिवारी आम्ही अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका गृहस्थांकडे पोचलो. ते धंदा बंद करत होते. गाडी लांब, काळी, चकचकीत. दोन्ही बाजूंना सोनेरी अक्षरांत 'अखेरचा प्रवास' असं रंगवलेलं. मागे फुलांचा गाडा ओढायला भक्कम हूक.

"हिला सुरू होताना झटका बसत नाही," गृहस्थ म्हणाले. "आतला माणूस हलला की नातेवाईक घाबरतात ना."

आम्ही आत चढलो. मागे सीट नव्हत्या, त्यामुळे बोट आडवी झोपली. मी चढावर गाडी नेली, थांबवली, धरून ठेवली, परत सोडली. काही हललं नाही. खाली आल्यावर मागचं दार उघडलं तर पहिलवान घोरत होते. गृहस्थ क्षणभर पांढरे पडले. त्यांच्या धंद्यात हा पहिलाच प्रकार.

बाबांनी खिशातून पेन काढलं, सही कुठे करायची ते शोधलं आणि काही सापडेना म्हणून हात मिळवला.

"अक्षरं तरी पुसून घ्या," आई म्हणाली.

"उद्या रविवार आहे," बाबा म्हणाले.

रविवारी दुपारी ती गाडी काकांच्या दारात उभी राहिली. त्या गल्लीत काकांना सगळे ओळखतात. मी हँडब्रेक ओढेपर्यंत समोरच्या घरातून एकजण टोपी काढून बाहेर आला. मग शिंपी आला, मग अख्खी गल्ली. कोणीतरी फुलंसुद्धा आणली. "चांगला माणूस होता," शिंपी म्हणाला, आणि तेवढ्यात काका बनियनवर दारात आले.

"कोण?" त्यांनी विचारलं.

शिंप्यानं फुलं त्यांच्याच हातात दिली.

मागच्या अंगणात खरा प्रकार कळला. काकूनं बोटीचा पुढचा अर्धा भाग मातीनं भरून त्यात टोमॅटो लावले होते. झाडं गुडघ्याएवढी झाली होती, पिवळी फुलं आली होती.

"वहिनी, झाडं काढून घ्या."

"फुलावर आलेल्या झाडाला मी हात लावणार नाही आणि लावूही देणार नाही. बोट हलली तर तुमची असं म्हटलं होतं. झाडं तुमची असं म्हटलं नव्हतं."

बाबांनी मातीकडे बघितलं. मनात माणसं मोजत होते. "ताईच्या दोन ताया झाल्या," ते हळूच म्हणाले. आत्यानं ऐकलं.

पण गाडीनं बोट ओढली. मातीसकट, टोमॅटोसकट, एक पानही न हलवता. काकू झारी घेऊन पुढे माझ्याशेजारी बसली, कारण झाडं कुठे जातायत ते तिला बघायचं होतं. रस्त्यावर सगळ्यांनी वाट दिली. बस बाजूला थांबली. आणि मागून सबंध गल्ली, हळूहळू, चालत. कार्यक्रम रद्द झाल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तळ्याच्या उतारावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आता गाडी मागे घ्यायची, म्हणजे ट्रेलर पाण्यात उतरेल. मी रिव्हर्स टाकला. गाडी डावीकडे गेली, ट्रेलर उजवीकडे. मी उजवीकडे वळवली, ट्रेलर माझ्याकडे बघायला आला.

"बाबा, आपण मागे जायची परीक्षा घेतली का?"

बाबांनी तिरक्या झालेल्या ट्रेलरकडे बघितलं.

"लिफ्ट मागे जात नाही," ते म्हणाले.

त्यांनी टोपी काढली आणि दगडावर बसले. पाणी दहा पावलांवर होतं. इतकी वर्षं कपाटात जपलेला गळ त्यांच्या मांडीवर आडवा होता, आणि मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. काकूनंही बघितलं. तिनं झारी खाली ठेवली.

"काय अडलंय?" मागून शिंप्यानं विचारलं.

"बोट खाली न्यायची आहे," काकू म्हणाली. "हातानं."

शिंप्यानं बाकीच्यांकडे बघितलं. "खांदा द्यायच्या तयारीनं आलोच आहोत," तो म्हणाला. "कुठेतरी देऊन जाऊ."

त्यांनी ट्रेलर हुकावरून सोडवला आणि दोर धरून, माना खाली घालून, अतिशय गंभीरपणे, बोट पाण्यात उतरवली. टोमॅटोमुळे ती पुढून जरा वाकली, पण तरंगली. बाबा मागच्या अर्ध्यात चढले. पुढच्या अर्ध्यात काकू चढली.

"तुम्ही कशाला, वहिनी?"

"बोट तुमची. पाणी कोण घालणार?"

"पाण्यातच तर आहोत."

"खालून आहोत. वरून घालावं लागतं."

बाबांनी वाद घातला नाही. गळ पाण्यात टाकला आणि त्यांचा तो आवाज परत आला. काठावरून शब्द ऐकू येत नव्हते, पण ते काकूला माशांबद्दल काहीतरी समजावत होते आणि ती झारी वाकवून पाणी भरत होती. बोट सावकाश लांब गेली.

काका काठावर हातात फुलं घेऊन उभे होते. सायकलवरून जाणारा एक अनोळखी माणूस काळी गाडी आणि गर्दी बघून थांबला.

"कोण गेलं हो?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"भाऊ," काका म्हणाले. "आणि बायको."

त्या माणसानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांना ते बरं वाटलं असावं, कारण त्यांनी जरा वेळ जाऊ दिला.

"अंधार पडायच्या आत येतील," ते म्हणाले.