नावाची चिंच

मंजुषाचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. वऱ्हाड पैठणहून भर उन्हात येणार होतं. पाहुण्यांना बाटलीतलं थंड द्यायचं नाही, असं तिच्या आजीनं, मनकर्णाबाईंनी ठरवलं. आदल्या दिवशी गोरखचिंचेची फळं फोडून त्यांनी पिठासारखा पांढरा गर काढून पातेल्यात ठेवला. त्याच्या सरबतानं नातीच्या सासरी नाव व्हावं, एवढीच हौस.

लग्नाच्या दिवशी उन्हं चढल्यावर बघतात तर पातेलं रिकामं.

“तुम्हीच म्हणला चिंच ठिवलीय. आमटीत घातली,” आचारी कृष्णा म्हणाला.

“आरं येड्या, नावाची चिंच ती! जातीची नाय!”

एवढ्यात वऱ्हाड दारात आलं. सरबताऐवजी साधं पाणी द्यावं लागलं, मनकर्णाबाईंचा जीव लाजेनं अर्धा झाला. पण पंगतीत नवरदेवाच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

“आजी, लई झकास आमटी. कशाची म्हणायची?”

“गोरखचिंचेच्या झाडाची करामत हाय. सालीचा दोर, पाल्याची भाजी, गराचं सरबत. आमटी मात्र आमच्या कृष्णाची!”

आता कृष्णा छावणीच्या बाजारात त्या गराची पाकिटं विकतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी आमटीचीच गोष्ट सांगतो.

मनकर्णाबाई दोन हजार चोवीसच्या आषाढात वारल्या.