उतारावरचा हात

वडील शमुवेल गेले त्याला दोन महिने होत आले, आणि त्या दोन महिन्यांत कृपाला ज्याने त्याने एकच सल्ला दिला : जामखेडला खोली घे. केडगावचं घर ते खर्ड्याची शाळा, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास. वडील होते तोवर ती आठवड्याचे पाच दिवस तिकडेच मैत्रिणीकडे राहायची. आता मैत्रिणीची बदली झाली होती आणि इकडे आई एकटी पडली होती. पुण्याचा धाकटा भाऊ सॅम म्हणत होता, आईला मी नेतो. आई म्हणाली, "मला लिफ्टच्या घरात नका घालू रे." एवढंच बोलली, पण नंतर दोन दिवस तिचं ताट अर्धं परत जात होतं.

कृपाने मनाशी पक्कं केलं. रोज जायचं, रोज यायचं.

सॅमने फोनवर मुदत घातली. "ताई, नवी गाडी घे, तीन महिने करून बघ. एका टाकीत तुझा आठवडा निघाला तर मी गप्प बसेन. नाही निघाला तर तू जामखेडला आणि आई माझ्याकडे. मग रडारड नाही."

"मी कधी रडले?" कृपा म्हणाली.

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

गाडी निवडायला तिने महिना घातला. शाळेतले अंगद सर म्हणाले, "सीएनजी घ्या मॅडम. पंपावरच्या रांगेत सगळे पेपर तपासून होतात." विजेवरची गाडी तिच्या मनात भरली होती, पण खर्ड्यात सकाळी गेलेली वीज कधी येईल याचा नेम नसे, आणि वाटेत चार्जिंगसाठी तासभर थांबायचं तर घर सोडायचं किती वाजता? शेवटी उरली हायब्रिड. पेट्रोलचं इंजिन, जोडीला बॅटरी. ब्रेक दाबला, उतार लागला की बॅटरी आपली आपण भरते, वायर कुठे लावायची नाही. शोरूममधली आरती म्हणाली, "टेस्ट ड्राइव्ह बायपासपर्यंत असते, मॅडम."

"माझी शाळा बायपासला नाही," कृपा म्हणाली, आणि गाडी शाळेच्या वाटेवरच्या कडा गावापर्यंत नेऊन आणली. मागे बसलेली आरती येताना घड्याळ बघत होती.

गाडी दारात आली त्या दिवशी आईने बॉनेटवर तळवा ठेवून प्रार्थना केली. शेजारचे रंगनाथ काका बराच वेळ गाडीभोवती फिरून म्हणाले, "हिचा प्लग कुठंय? आमच्या ओट्यावरून बोर्ड देऊ का?"

सुरुवातीचे दिवस बरे गेले. चढाला गाडी कुरकुरत नव्हती, क्लच नसल्याने संध्याकाळी गुडघा दुखत नव्हता. पण टाकी पुरत नव्हती. दर शुक्रवारी सकाळी कड्याच्या पंपावर थांबावंच लागे. लिटरला तेवीसच्या पुढे जाते असं ऐकलेली गाडी अठरावर अडून बसली होती. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने दोनदा तपासून सांगितलं, "गाडीत काही नाही मॅडम. चालवण्यावर असतं ते."

कृपाने चावी उचलली. तिला गाडी शिकवणाऱ्या वडिलांनी तीस वर्षं साखर कारखान्याची जीप चालवली होती. त्यांच्या शिकवणीवर परक्या कुणी बोलावं हे तिला चालणार नव्हतं.

अडीच महिने असे गेले. एका दुपारी ती जामखेडला लंकाबाईंची खोली बघून आली. एक खोली, एक मोरी, आणि खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या घराची भिंत. "आठ दिवसांत सांगते," ती म्हणाली.

त्या रविवारी दोघी देवळाली प्रवऱ्याला निघाल्या. शमुवेलना तिथल्या दफनभूमीत ठेवलं होतं. आई पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसली. दवाखान्यात आया म्हणून तिने हयात घालवली होती. सलाइनचा थेंब पडतोय की थांबलाय, यावर नजर ठेवायची तिची सवय गेली नव्हती. ती चष्मा लावून समोरच्या पडद्यावरचं गाडीचं चित्र बघत बसली. विळद घाटाचा उतार लागला.

"कृपे, हा हिरवा बाण कशाचा?"

"चाकांकडून बॅटरीकडे जातोय. म्हणजे बॅटरी भरतेय."

"मग आता कुठं गेला?"

"असेल गं."

"न्हाई. आत्ता हुता. तू दांड्याला हात लावला आन् गेला."

कृपाने खाली पाहिलं. डावा हात लिव्हरवर होता, आणि लिव्हर न्यूट्रलला. तो तिथे कधी गेला, तिला सांगता आलं नसतं.

घाट उतरून तिने गाडी कडेला घेतली. कारखान्यात वडिलांना डिझेल मोजून मिळायचं. उतार लागला की ते गिअर काढून जीप मोकळी सोडत, आणि महिनाअखेरीला सगळ्यांपेक्षा जास्त डिझेल त्यांच्याच टाकीत उरे. तिला शिकवताना त्यांनी हेच हाताला बसवलं होतं. इथे मात्र गाडी न्यूट्रलला गेली की चाकांकडून बॅटरीला काही मिळत नव्हतं. फुकट मिळणारं सगळं ती रोज वाटेत सांडत आली होती.

"पप्पांनी चुकीचं नव्हतं शिकवलं," ती म्हणाली.

"मी कुठं म्हनले? जीपला ते बराबर हुतं." आई काचेतून समोर बघत होती. "त्यांचाच हात हाय तो. मी वळखला. पन हिला उताराचं खाऊ दे, बाई."

कळलं, तरी हात ऐकेना. सोमवारी भरल्या टाकीने निघाली, पण चिचोंडीच्या अलीकडे तो आपसूक खाली गेला, मंगळवारी दोनदा. गेल्या सहा महिन्यांत तिने वडिलांचे कपडे वाटले होते, चष्मा दिला होता, पलंग सॅमने नेला होता. एवढं एक उरलं होतं, आणि ते उरलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. बुधवारी तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि प्रत्येक उतार मोठ्याने आकडे म्हणत उतरली. गुरुवारी आकडे लागले नाहीत.

शुक्रवारी सकाळी ती कड्याचा पंप मागे टाकून पुढे गेली. संध्याकाळी परतताना टाकळी काझीला पेट्रोलचा पिवळा दिवा लागला, तरी ती कुठे थांबली नाही. केडगावच्या दारात गाडी उभी केली आणि आत जायच्या आधीच लंकाबाईंना फोन लावला.

"खोली नको मला, मावशी."

"न्हाई म्हन्ता? मग दुसऱ्याला देऊ?"

"द्या."

मग सॅमला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "एका आठवड्यावरून काय ठरतं, ताई?"

"मुदतीतला एक आठवडा अजून आहे. तोही काढून दाखवते."

"आणि नाही निघाला तर?"

"तर पहाटे पंपावर थांबेन आणि पेट्रोल भरून पुढे जाईन. टाकीची अट मी उगाच कबूल केली, सॅम. आई इथेच राहील, मीही."

मग तो म्हणाला, "आईला दे जरा फोन."

"भाकरी थापतेय. हात पिठाचे आहेत तिचे," कृपा म्हणाली, आणि चपला काढून फोन आत घेऊन गेली.